पहिला टन स्वस्त, शेवटचा टन महाग: वीजनिर्मितीत खर्च आणि धूर यांचा मेळ घालणारं गणित

ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवस चोवीस तासांत मोजत नाहीत, ९६ तुकड्यांत मोजतात. एकेक तुकडा १५ मिनिटांचा. प्रत्येक तुकड्यासाठी तोच प्रश्न नव्यानं सोडवायचा असतो: राज्याला या घडीला लागणारी वीज कुठल्या केंद्रातल्या कुठल्या संचातून किती घ्यायची? उन्हाळ्यात ही मागणी ३० हजार मेगावॅटच्या घरात जाते. समोर चंद्रपूरचे संच असतात, कोराडी, खापरखेडा, परळी, पारस, भुसावळ, नाशिकचं एकलहरे असतं. उरणचं गॅसवरचं केंद्र, कोयनेचं पाणी, तिरोड्यासारखी खासगी केंद्रं, केंद्रीय कंपन्यांकडून येणारा वाटा आणि दिवसा सौरऊर्जा. वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवढी लागते तेवढीच, त्याच क्षणी तयार करावी लागते.

आज या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः एकाच कसोटीवर निघतं. ज्या संचाचा युनिटमागचा बदलता खर्च, म्हणजे प्रामुख्यानं इंधनाचा खर्च, सगळ्यात कमी, तो आधी पूर्ण चालवायचा. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. या उतरंडीला मेरिट ऑर्डर म्हणतात. ग्राहकाच्या बिलाच्या दृष्टीनं ही पद्धत योग्यच आहे. पण तिच्यात धुराचा रकाना नाही. तो रकाना घातला तर गणित कसं बदलतं, आणि ते सोडवायच्या डझनावारी पद्धतींपैकी कुठली खरी कामाची, हे या लेखात सांगायचं आहे. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात हा विषय दरवर्षी कुणीतरी प्रकल्पासाठी घेतंच, पण त्यातला गाभा वर्गाबाहेर फारसा पोचत नाही.

स्वस्त वीज म्हणजे कमी कोळसा नव्हे

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. वाटतं असं, की ज्या संचाची वीज स्वस्त त्याला कोळसा कमी लागत असणार, आणि कोळसा कमी म्हणजे धूरही कमी. मग खर्च आणि धूर यांचं भांडण आहेच कुठे?

भांडण आहे ते वाहतुकीमुळे. दोन संच धरा. एक जुना, २१० मेगावॅटचा, कोळसा खाणीला लागून. दुसरा नवा, ६६० मेगावॅटचा, खाणीपासून शेकडो किलोमीटर दूर. एक युनिट वीज करायला किती उष्णता लागते त्याला हीट रेट म्हणतात. जुन्याचा हीट रेट २,६०० किलोकॅलरी धरू, नव्याचा २,२५०. दोघांचा कोळसा सारखाच, किलोला ३,५०० किलोकॅलरी देणारा. म्हणजे जुन्याला युनिटमागे ७४३ ग्रॅम कोळसा लागतो, नव्याला ६४३ ग्रॅम. आता भाव. खाणीलगत टनाला ३,००० रुपये पडतात, तोच कोळसा रेल्वेनं दूर नेला की ४,५०० होतात. (हे भाव समजावण्यापुरते धरलेत, पण अवास्तव नाहीत.) जुन्या संचाचं युनिट २ रुपये २३ पैशांना पडतं, नव्याचं २ रुपये ८९ पैशांना. मेरिट ऑर्डरमध्ये जुना वर, नवा खाली.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब उलटा येतो. जुन्याच्या धुराड्यातून युनिटमागे सुमारे १.०३ किलो, नव्याच्या धुराड्यातून ०.८९ किलो. म्हणजे एक युनिट जुन्याकडून काढून नव्याला दिलं, तर ६६ पैसे जास्त मोजून १४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो. टनाचा भाव काढला तर साधारण ४,७०० रुपये.

आपल्याकडे २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत निघाला. तो ४०० रुपयांचा उपकर वरच्या उदाहरणात घालून पाहा. जुन्याचं युनिट २९.७ पैशांनी महाग होतं, नव्याचं २५.७ पैशांनी. दोघांतला फरक फक्त ४ पैशांनी कमी होतो, आणि उतरंड उलटायला हवेत ६६ पैसे. म्हणजे कर भरला जात होता, पण कुठला संच आधी चालणार हे त्यानं क्वचितच बदललं असेल.

शेवटच्या मुठीचा नियम

मेरिट ऑर्डर एका संचाला एकच दर लावते. प्रत्यक्षात संचाचा खर्च सरळ रेषेत वाढत नाही. भार वाढत जातो तसतशी प्रत्येक नवी युनिट आधीच्यापेक्षा थोडी महाग पडते. म्हणून अभियंते खर्चाची वक्ररेषा मांडतात: एक स्थिर भाग, एक भाराच्या प्रमाणात वाढणारा आणि एक भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा.

अशा दोन वक्ररेषा असताना भार कसा वाटायचा? याचं उत्तर कुठल्याही शेतकऱ्याला कळेल. खताच्या चार गोण्या आहेत आणि दोन वावरं. सगळं खत चांगल्या वावरात ओतणारा शहाणा नाही, आणि निम्मं-निम्मं वाटणाराही नाही. शेवटची मूठ दोन्हीकडे सारखंच उत्पन्न वाढवत असेल तेव्हा वाटणी बरोबर झाली. एका वावरात ती जास्त देत असेल तर दुसरीकडची मूठ उचलून इकडे टाकायला अजून वाव आहे. विजेतही हेच. दोन्ही संचांचा शेवटच्या युनिटचा खर्च समान झाला की एकूण खर्च सगळ्यात कमी. त्या समान भावाला ग्रीक अक्षरावरून लॅम्डा म्हणतात. एक भाव धरायचा, त्या भावाला प्रत्येक संच किती देईल ते मोजायचं, बेरीज मागणीपेक्षा कमी आली तर भाव चढवायचा, जास्त आली तर उतरवायचा. दहा-वीस फेऱ्यांत उत्तर हाती येतं. याला लॅम्डा पुनरावृत्ती म्हणतात. ही पद्धत संगणकाच्या आधीपासूनची आहे आणि आजही तिला कमी लेखायचं कारण नाही.

एक छोटं उदाहरण पूर्ण सोडवू, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. मागणी ५०० मेगावॅट. ‘अ’ संचाच्या शेवटच्या युनिटचा खर्च २ रुपयांपासून सुरू होतो आणि दर मेगावॅटला ०.४ पैशानं वाढतो. ‘ब’चा १ रुपया ८० पैशांपासून सुरू होतो आणि ०.६ पैशानं वाढतो. भाव समान करून पाहिले तर ‘अ’ २८० मेगावॅट, ‘ब’ २२० मेगावॅट आणि समान भाव ३ रुपये १२ पैसे. ही सगळ्यात स्वस्त वाटणी.

आता धूर. ‘अ’च्या शेवटच्या युनिटमागे ०.९ किलोपासून सुरुवात होते, ‘ब’च्या ०.७ किलोपासून, आणि दोन्हीकडे दर मेगावॅटला १ ग्रॅमनं वाढ. फक्त धूर कमी करायचा म्हटलं तर तोच शेवटच्या मुठीचा नियम लावायचा, रुपयांऐवजी किलोंना. उत्तर येतं ‘अ’ १५०, ‘ब’ ३५०.

म्हणजे २८० पासून १५० पर्यंत ‘अ’चा भार खाली आणला तर स्वस्ताकडून स्वच्छाकडे पूर्ण प्रवास झाला. या १३० मेगावॅटच्या प्रवासात तासाला ८४,५०० रुपये खर्च वाढतो आणि १६.९ टन कार्बन डायऑक्साइड कमी होतो. सरासरी टनाला ५,००० रुपये. पण या सरासरीत खरी गोष्ट दडून जाते. अर्ध्या वाटेवर, म्हणजे ‘अ’ २१५ मेगावॅटवर थांबून पाहा. तोवर खर्च वाढला फक्त २१,१२५ रुपये आणि धूर कमी झाला १२.७ टन. टनाला १,६६७ रुपये. उरलेल्या अर्ध्या वाटेत खर्च ६३,३७५ रुपये आणि बचत फक्त ४.२ टन. टनाला १५,००० रुपये.

पाव खर्चात पाऊण फायदा. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. स्वस्ताच्या टोकापासून थोडं सरकलं की पहिले टन जवळपास फुकट मिळतात, कारण स्वस्ताच्या तळाशी वक्ररेषा सपाट असते. धुराच्या तळाशी ती धुराच्या बाजूनं सपाट होते, म्हणून शेवटच्या टनासाठी पैसा ओतावा लागतो. ‘स्वच्छ वीज परवडत नाही’ म्हणणारा आणि ‘धूर शून्यावर आणा’ म्हणणारा, दोघंही टोकांवर उभे राहून बोलतात. मधला उतार दोघांना दिसत नाही.

या उतारावरच्या सगळ्या वाटण्या मिळून जी रेषा होते तिला इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो परेटो याच्या नावानं परेटो रेषा म्हणतात. तिच्यावरच्या कुठल्याही बिंदूपासून धूर कमी करायचा तर खर्च वाढणारच, आणि खर्च कमी करायचा तर धूर वाढणारच. तिच्या आतल्या बाजूला असलेली वाटणी मात्र निव्वळ गैरव्यवस्था असते, कारण तिथून दोन्ही एकाच वेळी सुधारता येतात.

दोन हेतू एका गणितात कसे बसवायचे

याचे तीन मार्ग आहेत. पहिला, धुराला भाव लावायचा आणि तो खर्चात मिळवायचा. वरच्या उदाहरणात टनाला ५,००० रुपये भाव लावला तर लॅम्डाची पद्धत नेमकी ‘अ’ २१५ या मधल्या बिंदूवर येऊन थांबते. दुसरा, धुराला मर्यादा घालायची: तासाला अमुक टनांच्या वर नाही, आणि त्या मर्यादेत खर्च कमीत कमी. अमेरिकेत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्तीनंतर १९९५ पासून सल्फर डायऑक्साइडवर अशीच एकूण मर्यादा आली आणि तिच्या आत परवान्यांची खरेदी-विक्री. तिसरा मार्ग, काहीच आधी न ठरवता पूर्ण परेटो रेषा काढायची आणि कुठे उभं राहायचं ते निर्णय घेणाऱ्यांवर सोडायचं.

शोधनिबंधांत पहिल्या मार्गाची एक सोय फार वापरली जाते. संच पूर्ण क्षमतेवर असतानाचा खर्च भागिले त्याच वेळचा धूर, हा भागाकार म्हणजे धुराचा ‘दंड-भाव’. गणिताला ते सोयीचं असतं, पण या भावाला समाजाच्या दृष्टीनं काहीही अर्थ नाही. महागड्या इंधनाचा संच असेल तर धुराचाही भाव चढा निघतो, स्वस्त इंधनाचा असेल तर उतरता. धुरानं होणाऱ्या नुकसानाचा इंधनाच्या किमतीशी काय संबंध? हा भाव यंत्राच्या कागदावरून काढायचा नसतो. तो सार्वजनिक चर्चेतून आणि धोरणातून यायला हवा.

जमीन खडबडीत असली की

इथवर सगळं गुळगुळीत होतं, म्हणून लॅम्डा पुरला. खरे संच तेवढे सरळ नसतात. मोठ्या टर्बाइनला वाफ एकामागून एक उघडणाऱ्या झडपांतून मिळते. नवी झडप नुकतीच किलकिली होते तेव्हा वाफेची ओढाताण होऊन थोडी उष्णता वाया जाते, पूर्ण उघडली की परत सुधारतं. त्यामुळे खर्चाच्या वक्ररेषेवर लाटा उमटतात. काही भारांवर दांड्याची थरथर वाढते, म्हणून तिथे संच चालवायचाच नसतो. भार किती वेगानं चढवता-उतरवता येतो यालाही मर्यादा असतात. आणि अमुक भाराच्या खाली संच नेता येत नाही: आपल्याकडे कोळशाच्या संचांसाठी हा किमान भार ५५ टक्के आहे आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार तो टप्प्याटप्प्यानं ४० टक्क्यांवर न्यायचा आहे.

लाटा असलेल्या जमिनीवर उताराच्या मागे जाणारी पद्धत फसते. धुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर उभे आहात आणि कोकणात उतरायचं आहे असं समजा. पायाखाली उतार लागेल तिकडे चालत राहिलात तर बहुधा एखाद्या खळग्यात जाऊन थांबाल. तिथून चारही बाजूंना चढच दिसतो, म्हणून वाटतं की तळ गाठला. कोकण अजून हजार फूट खाली असतं.

याला दोन घराण्यांनी दोन उत्तरं दिली.

पहिलं घराणं गणिताचं. वक्ररेषेचे छोटे सरळ तुकडे करायचे आणि रेषीय प्रोग्रॅमिंगनं, म्हणजे खर्च आणि अटी सगळं सरळ रेषांत मांडून कमीत कमी खर्च शोधणाऱ्या गणितानं, सोडवायचं. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये दिलेली सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या बहुपृष्ठाच्या कडेकडेनं, कोपऱ्याकोपऱ्यानं चालत जाते. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी वेगळी वाट दाखवली: कडेनं न जाता आतूनच थेट घुसायचं. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि आयआयटी मुंबईत शिकलेले करमरकर तेव्हा अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत होते. त्यांच्या कामामुळे अंतर्बिंदू पद्धतींना जे बळ मिळालं, त्याचा फायदा वीजजाळ्यांच्या मोठ्या गणितांना आजही होतो. संच चालू की बंद असे हो-नाही प्रश्न आले की पूर्णांक चलं, म्हणजे फक्त ० किंवा १ होऊ शकणारी चलं, घालावी लागतात (याला मिश्र पूर्णांक प्रोग्रॅमिंग म्हणतात). मग शक्यतांच्या फांद्या पाडत, निरुपयोगी फांद्या छाटत जायचं. या घराण्याचा सगळ्यात मोठा गुण असा, की ते उत्तराबरोबर हमी देतं: ‘यापेक्षा चांगलं उत्तर असलंच तर ते ०.१ टक्क्याहून जास्त चांगलं असू शकत नाही.’

दुसरं घराणं निसर्गाकडे बघून शिकणारं. एकच माणूस धुक्यात सोडण्याऐवजी पन्नास माणसं वेगवेगळ्या जागी सोडायची आणि त्यांनी एकमेकांना सांगत शोधायचं. जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या मांडणीतून पुढे आलेला जनुकीय अल्गोरिदम ज्वारीचं बियाणं राखणाऱ्या शेतकऱ्यासारखा चालतो: भरलेली कणसं ठेवायची, त्यांचा संकर करायचा, अधूनमधून एखादा अनपेक्षित बदल येऊ द्यायचा. १९९५ मध्ये सामाजिक मानसशास्त्राचे जेम्स केनेडी आणि अभियंते रसेल एबरहार्ट यांनी पक्ष्यांच्या थव्यावरून पद्धत काढली. थव्यातला प्रत्येक कण आपली आजवरची सगळ्यात चांगली जागा आणि थव्याची सगळ्यात चांगली जागा लक्षात ठेवून दोन्हींकडे ओढला जातो. ती लिहायला सोपी आणि पळायला वेगवान आहे, पण सगळा थवा लवकर एकाच खळग्यावर गोळा होण्याची खोड तिला आहे. रेनर स्टॉर्न आणि केनेथ प्राइस यांच्या विभेदी उत्क्रांतीत दोन उमेदवारांमधलं अंतर हेच तिसऱ्याचं पाऊल होतं. यातली खुबी मला फार आवडते. सुरुवातीला उमेदवार विखुरलेले, म्हणून पावलं मोठी, जवळ येत गेले की पावलं आपोआप लहान. कुणी वेगळं सांगावं लागत नाही. झडपांच्या लाटा असलेल्या गणितांवर ही पद्धत भरवशाची ठरते असा माझा अनुभव आहे.

दोन भारतीय नावं इथे आलीच पाहिजेत. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एनएसजीए-२ ही पद्धत प्रसिद्ध केली. ती एका उत्तरामागे न लागता पूर्ण परेटो रेषाच एका दमात काढते. उमेदवारांची थरांत वर्गवारी होते. ज्याला दोन्ही कसोट्यांवर मागे टाकणारा कुणी नाही, तो पहिल्या थरात. एकाच थरात निवड करायची वेळ आली तर गर्दीपासून दूर उभा असलेला निवडायचा, म्हणजे रेषा सगळीकडे सारखी भरते. खर्च आणि धूर यांच्या प्रश्नासाठी ही पद्धत जगभर वापरली गेली. दुसरं नाव सुरतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतले आर. व्यंकट राव यांचं. त्यांच्या २०१६ च्या ‘जया’ पद्धतीत सगळ्यात चांगल्याकडे सरकायचं आणि सगळ्यात वाईटापासून दूर व्हायचं, एवढंच. तिला स्वतःची अशी जुळवावी लागणारी कुठलीही कळ नाही. ज्यानं थव्याच्या पद्धतीतले तीन-तीन गुणांक रात्र-रात्र जुळवलेत त्याला याची किंमत कळेल.

याशिवाय लांडगे, देवमासे, वटवाघळं, काजवे यांच्या नावांच्या पद्धतींची रांगच लागली. त्यातल्या बऱ्याच पद्धतींतून प्राण्याचं नाव काढून समीकरण उघडं केलं, तर आत थवा किंवा विभेदी उत्क्रांतीच निघते. १९९७ मध्ये वोलपर्ट आणि मॅकरेडी यांनी सिद्ध केलंय की सगळ्या शक्य प्रश्नांवर सरासरी काढली तर कुठलीही शोधपद्धत दुसरीपेक्षा सरस नसते. म्हणून ‘कुठली पद्धत उत्तम’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कसल्या जमिनीवर’ हेही विचारावं लागतं.

चार सेंटांची लढाई

या जमिनीच्या प्रश्नाकडे किती दुर्लक्ष होतं याचा पुरावा म्हणजे या विषयातली सगळ्यात लोकप्रिय चाचणी. तीस जोडबिंदू आणि सहा जनित्रं असलेलं हे जाळं डिसेंबर १९६१ मधल्या अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर कंपनीच्या जाळ्याच्या एका भागावरून घेतलंय. मागणी २८३.४ मेगावॅट. वाहिन्यांतली गळती सोडून दिली तर सगळ्यात स्वस्त वाटणीला तासाला सुमारे ६०० डॉलर लागतात आणि ०.२२२ टन उत्सर्जन होतं. सगळ्यात स्वच्छ वाटणीला ६३८ डॉलर आणि ०.१९४ टन. म्हणजे पूर्ण रेषेवर खर्चाचा फरक सहा टक्क्यांच्या आसपास आणि धुराचा साडेबारा टक्के.

या जाळ्यावर नवी पद्धत चालवून ‘आमचा खर्च ६००.११, त्यांचा ६००.१५’ असे तक्ते छापले जातात. मी एकदा हा खर्चाचा भाग कागद-पेन्सिल घेऊन सोडवला. सहा वर्गसमीकरणं, एक बेरजेची अट, समान भाव काढायला एक भागाकार. लॅम्डा आला मेगावॅट-तासाला २.२२ डॉलर आणि एकूण खर्च ६००.११. अर्ध्या तासाचं काम. या चाचणीत खर्चाची रेषा गुळगुळीत वाटीसारखी आहे, आणि धुराच्या समीकरणात घातांकी पद असलं तरी तीही वाटीच आहे. खळगा कुठेच नाही. म्हणजे इथे अख्खी परेटो रेषासुद्धा जुन्या पद्धतीनं, धुराचा भाव थोडा थोडा वाढवत, नेमकी काढता येते. थवे आणि लांडगे ज्या खडबडीत जमिनीसाठी जन्माला आले ती जमीन इथे नाहीच.

आणि ते चार सेंट? मेगावॅट-तासाला २.२२ डॉलर भाव असेल, तर चार सेंट म्हणजे १८ किलोवॅट. म्हणजे २८३ मेगावॅटच्या बेरजेत १८ किलोवॅटची तूट राहिली, तरी खर्च तेवढा ‘कमी’ दिसतो. निसर्गाकडून शिकलेल्या पद्धतींत बेरीज मागणीइतकी करणं हीच अवघड गोष्ट असते. उमेदवार मुळात आंधळेपणानं निवडलेले असतात, बेरीज चुकली तर दंड लावून वळणावर आणायचे. दंड सैल असला की पद्धत थोडी वीज कमी करून विजयी ठरते. म्हणून असा तक्ता वाचताना मी आधी संचांचे आकडे स्वतः जोडून पाहतो. मग बघतो की पद्धत किती वेळा चालवली. एकदाच चालवून मिळालेलं उत्तर दैवाचंही असू शकतं. तीस वेळा चालवून सरासरी आणि सगळ्यात वाईट निकाल दिला असेल तर त्यावर बोलता येतं. दोन पद्धतींना समीकरण तपासायच्या सारख्याच संधी मिळाल्या होत्या का, तेही पाहतो.

मैदानावर याचा अर्थ काय होतो तेही सांगतो. आपल्याकडे कोळशाची एकेक प्रत ३०० किलोकॅलरींच्या पट्ट्याची असते. १३ व्या प्रतीचा कोळसा म्हणजे किलोला ३,४०१ ते ३,७०० मधला कुठलाही. एका प्रतीच्या आतच आठ टक्क्यांचा फरक. त्यापुढे चार सेंटांचा फरक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. बंकरमधला कोळसा किती उष्णता देणार हेच नीट मोजता आलं, तर पद्धत बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागेल.

नियंत्रण कक्षात कुठली पद्धत चालते

देशपातळीवर १ एप्रिल २०१९ पासून आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी सुरक्षा-मर्यादित किफायतशीर भारवाटप सुरू झालं, आधी प्रायोगिक म्हणून. केंद्रीय वीज नियामक आयोगानं जानेवारी २०१९ मध्ये तसा आदेश दिला होता. महाग संचाची थोडी वीज कमी करून स्वस्त संचाकडून घ्यायची, वाहिन्यांच्या आणि संचांच्या मर्यादा पाळून, आणि दर १५ मिनिटांनी. त्याच्या गाभ्यात आहे रेषीय प्रोग्रॅमिंग. अमेरिकेतल्या मोठ्या वीजबाजारांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संच चालू-बंद करण्याचं गणित मिश्र पूर्णांक प्रोग्रॅमिंगकडे नेलं.

निसर्गाकडून शिकलेली घराणी नियंत्रण कक्षात फारशी का दिसत नाहीत याचं कारण वेगापेक्षा वेगळं आहे. एखाद्या वीज केंद्राला ‘तुमचा भार कमी करा’ असं सांगितलं, की त्याचं उत्पन्न बदलतं. उद्या ते आयोगाकडे दाद मागू शकतं. तेव्हा तेच आकडे घालून तेच उत्तर परत काढून दाखवता आलं पाहिजे. ज्या पद्धतीत प्रत्येक वेळी वेगळा फासा पडतो, तिचं उत्तर चांगलं असलं तरी त्याचा बचाव करता येत नाही. शिवाय लॅम्डासारखा भाव गणिताच्या पद्धतीतून आपोआप बाहेर पडतो, थव्यातून तो मिळत नाही. दुसऱ्या घराण्याची खरी जागा नियोजनात आहे: वीस वर्षांत कुठे काय उभारायचं, साठवणुकीचं धरण कुठे, बॅटरी किती, जिथे समीकरणच नसतं, फक्त एक किचकट संगणकीय नक्कल असते आणि दहा उत्तरांतून माणसांना चर्चा करून निवडायचं असतं. तिथे एनएसजीए-२ सारखी पद्धत सोन्यासारखी आहे.

धूर कुठे पडतो

आतापर्यंत मी धूर हा एकच शब्द वापरला. त्यात दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बन डायऑक्साइड कुठल्याही धुराड्यातून निघाला तरी परिणाम सारखाच. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि बारीक राख यांचं तसं नाही. ती आसपासच्या माणसांच्या छातीत जातात. चंद्रपूरला केंद्र शहराला खेटून आहे. डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र चिकूच्या वाड्यांच्या पट्ट्यात आहे आणि तो तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. एक टन सल्फर डायऑक्साइड ओसाड माळावर पडणं आणि लाखो लोकवस्तीवर पडणं हे समीकरणात एकाच गुणांकानं लिहिणं चूक आहे. बहुतेक निबंध सगळी प्रदूषकं जोडून एकच आकडा करतात. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या बेरजेला आहे, कुठल्या अल्गोरिदमला नाही. प्रत्येक संचाच्या धुराला तिथल्या वस्तीप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे वेगळं वजन दिलं, तर समीकरण काडीचंही अवघड होत नाही. लॅम्डाची पद्धत तशीच चालते.

डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं औष्णिक केंद्रांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा पहिल्यांदा इतक्या कडक केल्या. सल्फर डायऑक्साइडसाठी धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा, एफजीडी, बसवायची होती. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं बहुतेक केंद्रांना या मर्यादेतून सूट मिळाली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्या १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेच्या पहिल्या यादीत सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम असे उद्योग आहेत, वीजनिर्मिती नाही.

डहाणूच्या केंद्रानं मात्र समुद्राच्या पाण्यानं धूर धुणारी एफजीडी यंत्रणा फार आधीच बसवलेली आहे. अशी यंत्रणा स्वतःसाठी संचाची साधारण एक-दीड टक्का वीज खाते. खाणीजवळच्या केंद्रात तर समुद्र नसतो, तिथे चुनखडीही विकत आणावी लागते. हा सगळा खर्च युनिटमागच्या बदलत्या खर्चात चढतो. मग पुढच्या १५ मिनिटांची उतरंड लावताना दोन सारख्या संचांपैकी जो आपला धूर धुतो तो काही पैशांनी खाली सरकतो, आणि जो धूत नाही त्याला आधी बोलावणं जातं.